हिरवं बटण

"चपला कुठं काढू?" सबनीस सरांनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरूनच विचारलं.

"राहू द्या हो सर पायात. फरशी गारठलीये," मी म्हटलं. मार्गशीर्ष चालू होता आणि मिरजेत त्या वर्षी थंडीनं अगदी कहर केला होता.

"छे छे. नव्या जागी मी पाय उघडेच ठेवतो. फरशी कुठं संपते, उंबरा कुठं लागतो, हे पायालाच आधी कळतं." त्यांनी चपला काढल्या आणि टाचा भिंतीला टेकवून दोन्ही नीट शेजारी शेजारी ठेवल्या. मी बघतेय हे त्यांना कसं समजलं कोण जाणे. "अशा ठेवल्या की परत सापडतात, बाई. नाहीतर जाताना तुमच्याच घालून जाईन."

मग डावा हात भिंतीला लावून ते आत आले. भिंत जुनी, चुन्याची. टेबलापाशी पोचेपर्यंत त्यांचा तळवा पांढरा झाला होता. मी फडकं पुढं केलं, त्यांनी हात पुसला आणि खुर्ची चाचपून बसले.

सर अंध मुलांच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. दिसत नव्हतं ते जन्मापासूनच. त्याबद्दल बोलताना ते कधी अवघडले नाहीत, अवघडायची ती समोरची माणसं. मी तोंडाळ, मला अवघडणं जमत नाही, म्हणून आमचं बरं जमायचं.

काम काय होतं ते सांगते. मी आणि हेरंब पाटणकर, आम्ही दोघं मिळून 'चौकट' बनवत होतो. प्रोग्राम लिहायची एक नवी भाषा तेव्हा आली होती. भाषा चलाख, पण तिच्यात खिडकी नव्हती, बटण नव्हतं, काहीच नव्हतं. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या ओळी, बस. सुताराकडून घराच्या चौकटी तयार मिळतात ना, तशा खिडक्या, बटणं, याद्या त्या भाषेत लिहिणाऱ्यांना तयार मिळाव्यात, एवढाच आमचा खटाटोप. आमचे जुने सहकारी हसायचे. म्हणायचे, दोन माणसं आणि मिरजेतली एक खोली, हे काय जगाला खिडक्या पुरवणार! आम्ही ऐकून घ्यायचो आणि पुन्हा कामाला लागायचो.

खोली हेरंबच्याच घराच्या वरच्या मजल्यावर होती. खाली तो आणि त्याची बायको प्रणिता राहायचे. वर गच्ची. त्या गच्चीवरून आठ महिन्यांपूर्वी, चैत्रात, हेरंब पडला आणि गेला.

पोलिसांनी अपघात लिहिला. गल्लीनं मात्र तो मानला नाही. झालं होतं असं, की प्रणितानं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दिवेलागणीला ती हेरंबला म्हणाली, "जा, तेवढ्या कुरडया आण." तो म्हणाला, "आत्ता नको, सकाळी आणतो." ही चिडली. बरेच दिवस तो असंच करत होता, संध्याकाळ झाली की कशालाच उठायचा नाही. ही बोलून गेली, "एवढंही होत नाही ना तुझ्यानं? मग मी कशाला राहू इथं? जाते माहेरी." तो उठला आणि वर गेला.

कुरडया गच्चीच्या दाराच्या उजव्या बाजूला होत्या. त्यांना त्यानं हातही लावला नव्हता. तो पडला ते पार दुसऱ्या टोकाला, मागच्या बोळात. तिथला कठडा गवंड्यानं त्याच दुपारी नव्यानं बांधायला म्हणून पाडला होता. अंधार पूर्ण पडला नव्हता, भगदाड चांगलं बैलगाडी जाईल एवढं. दिसणार नाही असं शक्यच नव्हतं. मग तो कुरडया सोडून तिकडं कशाला गेला? लोकांनी आपलं उत्तर काढलं, आणि तोंडावर नाही तरी पाठीमागं बोलायला लागले.

प्रणितानं मला एकदाच विचारलं होतं. "ताई, तू रोज त्याच्या शेजारी बसायचीस. तुला काही बोलला होता का? माझ्या त्या बोलण्यानं गेला का तो?"

मला काय माहीत असणार? मी म्हटलं, "नाही गं, काहीतरीच काय." पण असल्या उत्तरानं कुणाचं समाधान होतं? ती आठ महिन्यांत रडली नव्हती. घर बंद करून पुढच्या आठवड्यात बेळगावला माहेरी कायमची जायचं तिनं ठरवलं होतं. सामान बांधून झालं होतं. मीही आठवड्याभरात माझं टेबल हलवणार होते.

जाण्याआधी एक काम उरकायचं होतं, म्हणून सरांना बोलावलं होतं. चौकटीतलं सगळं आम्ही स्वतः रंगवायचो, एक एक ठिपका. डोळ्यांना ते बटण दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते नुसतं चित्र. अंध माणसांसाठी पडदा वाचून दाखवणारा जो प्रोग्राम असतो, त्याला चित्रातलं काय कळणार? त्याच्यापुढं आमची खिडकी म्हणजे रिकामी भिंत. ते सुधारायचं होतं, आणि कुठून सुरुवात करायची ते सर सांगणार होते.

"सर, आधीच सांगते," मी म्हटलं, "तुम्हाला यात काही ऐकू येणार नाही. 'खिडकी' म्हणेल आणि गप्प बसेल."

"बसू दे. गप्प बसण्याचेही प्रकार असतात." सरांनी आपला वाचक प्रोग्राम माझ्या मशीनवर चढवला, आवाजाचा वेग वाढवला आणि चौकटीची नमुन्याची खिडकी उघडायला सांगितली.

मी उघडली. तो बायकी, यंत्राचा आवाज भराभरा काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. सरांनी एक कळ दाबली, मग दुसरी. आवाज बोलतच होता. सरांच्या कपाळाला आठी पडली.

"कोण म्हणतं काही ऐकू येत नाही? चांगलं भरलेलं घर आहे की!"

"काय ऐकू येतंय?"

"वर काळी पट्टी. डावीकडे पिवळी यादी. उजवीकडे खाली हिरवं बटण, जतन करा."

मी पडद्याकडं बघितलं. पडद्यावर फिकट राखाडी खिडकी होती. यादी पांढरी. बटण एकच, निळं, तेही वर. हिरवं काही नव्हतं. पिवळं तर औषधालासुद्धा नव्हतं.

"पुन्हा सांगा, सर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. शब्द न शब्द तोच. ती खिडकी मला माहीत होती. ती हेरंबनं केलेली शेवटची खिडकी. काळ्यावर पिवळी, हाताएवढाली अक्षरं, आणि खाली कोपऱ्यात ते पोपटी हिरवं बटण. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, "अरे, ही काय रिक्षाच्या मागची पाटी आहे?" तो हसून म्हणाला होता, "लांबून दिसायला पाहिजे, बाई." तो गेल्यावर श्रावणात मी ती खिडकी पुसून टाकली आणि नवी केली. जुनीचा एक ठिपका पडद्यावर उरला नव्हता.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही सांगताय ती खिडकी आता नाहीये."

"नाही कशी? मग मी कशात फिरतोय?"

जन्मात रंग न पाहिलेला माणूस माझ्या शेजारी बसून मी पुसलेल्या खिडकीतून हिंडत होता, आणि मला ती दिसत नव्हती. खोलीत दिवा होता, खाली बोळातून भाजीवाल्याची हाळी येत होती, तरी मी खुर्ची सरांच्या जवळ ओढली. भीती वाटली. खोटं कशाला बोलू!

"हिरव्या बटणाच्या खाली अजून एक आहे," सर म्हणाले.

"नाही. त्याच्या खाली काही नव्हतं. मी रोज बघत होते ती खिडकी."

"आहे ना. नाव आहे 'मी कुठे आहे'. दाबू?"

मी आवाजाचा वेग कमी करायला सांगितला. मलाही ऐकायचं होतं, आणि नकोही होतं. एवढ्यात प्रणिता चहा घेऊन वर आली आणि दारातच थांबली. सरांनी कळ दाबली.

आवाज सावकाश, एकेक शब्द सुटा करत बोलला. "तुम्ही मुख्य खिडकीत आहात. डाव्या हाताला यादी. उजव्या हाताला खाली हिरवं बटण. चुकलात तर डावी कड धरा. कड न सोडता मागं या. घाई नको."

चहाची ताटली हातात तशीच धरून प्रणिता दोन पावलं आत आली.

"हे कोण बोललं?" ती म्हणाली.

"घाई नको" हे हेरंबचं पालुपद होतं. मी काही करायला धावले की तो मान वर न करता म्हणायचा, "घाई नको." जेवताना, बसला उशीर झाला तरी, अगदी भांडणातसुद्धा. त्या यंत्राच्या थंड आवाजात आता तेच दोन शब्द आले होते. मी उठून प्रणिताच्या हातातली ताटली घेतली आणि तिला बसवलं.

"थांबा," मी म्हटलं. "भुताबितानं नाही लिहिलेलं हे. कोड आहे. मला बघू दे."

बघितलं. हेरंबच्या कामातला एक भाग मी कधी उघडलाच नव्हता. 'हे नंतरसाठी' म्हणून त्यानं तो बाजूला ठेवला होता, मीही तसाच राहू दिला होता. पडदा वाचणारा प्रोग्राम चालू असेल तरच तो भाग जागा व्हायचा. माझ्या मशीनवर तसला प्रोग्राम कधी नव्हताच, मग मला कसा दिसावा? त्यातली सगळी वर्णनं त्यानं स्वतःच्या हातानं टाइप केली होती. म्हणून मी खिडकी बदलली तरी ती जुनीच राहिली होती.

"बघितलंत?" मला हायसं वाटलं. "तुमच्यासारख्यांसाठीच करत होता, सर. मला न सांगता. चांगुलपणाच त्याचा."

सर चहाचा कप हातात धरून बसले होते, पण पीत नव्हते.

"माझ्यासाठी नव्हे," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बाई, मला रंग कशाला सांगेल कोणी? हिरवं काय नि पिवळं काय, माझ्या काय उपयोगाचं? आमच्यासाठी काम करणारे डोळस लोक बटणाचं नाव लिहितात आणि पुढं जातात. रंग कुणी लिहीत नाही. आणि डोळसाला स्वतःला तर लागतच नाही, त्याला दिसतंय समोर." त्यांनी कप खाली ठेवला. "ज्यानं आयुष्यभर पाहिलंय आणि आता जायला लागलंय, तो रंगानं शोधतो. हिरवं कुठं गेलं, म्हणून. माझ्या शाळेत अशी मोठी माणसंही येतात, नव्यानं शिकायला. ती अशीच बोलतात. उजवीकडे, खाली, हिरवं. 'मी कुठे आहे' हा प्रश्नही त्यांचाच. सवयीच्या माणसाला तो पडत नाही. तुमचे हेरंब हे स्वतःसाठी करत होते."

मला ती पुसलेली खिडकी आठवली.

हाताएवढाली अक्षरं. काळ्यावर पिवळं. लांबून दिसायला पाहिजे, बाई. लांबून कसलं, त्याला जवळून दिसत नव्हतं! खिडक्या बनवणाऱ्या माणसानं, मला दिसेनासं झालंय, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आमटी," प्रणिता म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी खोलातून आल्यासारखा होता. "आमटी वाढताना वाटीच्या बाहेर ओतायचा. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुझं. संध्याकाळी गाडी काढायची सोडली होती त्यानं. म्हणायचा, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. आणि दिवे गेले की हलायचा नाही. आहे तिथं बसून राहायचा. मला वाटायचं, आळशी झालाय."

"संध्याकाळचं पहिल्यांदा जातं," सर म्हणाले. "दिवसा भागतं कसंबसं. दिवेलागणीला मात्र झाकण पडल्यासारखं होतं. पुष्कळांचं असंच सुरू होतं."

"म्हणजे त्याला ते भगदाड दिसलंच नाही," मी म्हणाले. "प्रणिता, ऐकतेस का? त्यानं उडी नाही मारली. त्याला दिसलं नाही."

तिनं मान हलवली. मला वाटलं होतं ती सुटल्यासारखा श्वास टाकेल. पण आठ महिने उराशी धरलेली गोष्ट अशी कुणी म्हटलं म्हणून सुटत नाही.

"मग चपला?" ती म्हणाली. "ताई, गच्चीच्या दाराशी त्याच्या चपला होत्या. भिंतीला लावून, नीट शेजारी शेजारी. मी डोळ्यांनी बघितल्यात. जीव द्यायला जाणारा माणूसच चपला काढून ठेवतो, सगळे म्हणाले. घरात घालायच्या साध्या चपला त्या. कुरडया आणायला जाणारा माणूस त्या कशाला काढेल? चुकून पडणारा कशाला काढेल?"

मी सरांकडं पाहिलं. मग दाराकडं. दाराबाहेर सरांच्या चपला होत्या, टाचा भिंतीला टेकवून, शेजारी शेजारी.

प्रणिताची नजर माझ्या नजरेमागून गेली. ती त्या चपलांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "सर, तुम्ही चपला का काढल्या?"

सरांनी तिला तेच सांगितलं, जे मला सांगितलं होतं. नव्या जागी पाय उघडे असले की फरशी कळते. अशा ठेवल्या की परत सापडतात.

प्रणिता उठली आणि जिन्याकडं निघाली. खाली नाही, वर. मी घाबरून मागं धावले.

गच्चीवर दिवेलागणीचा उजेड होता, तेव्हा होता तसाच. दाराशी तिनं चपला काढल्या. मग ओढणी कमरेला बांधली, डोळे मिटले आणि डावा हात कठड्यावर ठेवला.

"प्रणिता, डोळे उघड. वेडी आहेस का?"

"तू बोलू नकोस, ताई. नुसती बरोबर चल."

कठडा आता पूर्ण बांधलेला होता, हे मला माहीत होतं. तरी मी तिच्या ओढणीचं टोक घट्ट धरलं. ती चालायला लागली, एकेक पाऊल फरशीवर सरकवत. उजवीकडं, दारापासून जवळच, पलीकडच्या कठड्यालगत, कुरडया वाळत घालायची ती जागा होती. डोळसाला चार ढांगा. पण मधे धरायला काही नव्हतं, नुसती मोकळी फरशी. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

तो कुरडयांकडंच निघाला होता. सरळ जाता येत नव्हतं म्हणून, आणि कठडा कुठवर पाडलाय ते दिसलेलं नव्हतं म्हणून, कड धरून, सगळ्या गच्चीला वळसा घालून निघाला होता. कड न सोडता. बायकोनं सांगितलेलं काम करायला.

कठड्याचा पोत बदलला तिथं प्रणिता थांबली. इथून नव्या विटा होत्या, उघड्या, चुना न लावलेल्या.

"इथं?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं डोळे उघडले आणि आपला डावा हात समोर धरला. तळवा आणि बोटं पांढरी झाली होती.

"दवाखान्यात मी पुसला होता त्याचा हात," ती म्हणाली. "डावाच. असाच पांढरा होता. मला वाटलं, पडताना कुठं लागलं असेल. मी पाण्यानं पुसला आणि विसरून गेले."

आणि मग ती खाली बसली आणि ओरडली. इतक्या जोरात की शेजारच्या गच्चीवरच्या बायका थबकल्या. "अरे, सांगायचंस ना! मूर्खा! मी काय खाल्लं असतं का तुला? आंधळा झालो म्हणायचंस, मी हात धरून फिरवलं असतं गावभर! कुरडया गेल्या चुलीत! सांगायचंस की रे एकदा!"

आठ महिन्यांत ती पहिल्यांदा रडत होती. तोंडानं त्याला शिव्या देत, त्या नव्या विटांवर पांढरा हात आपटत. तिला काय वाटत होतं, सुटल्यासारखं की नव्यानं अडकल्यासारखं, ते मी विचारलं नाही. त्यानं तिला सोडलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. आणि त्याला वर कुणी पाठवलं होतं, हे तिला आधीपासून माहीत होतं. मी तिच्या शेजारी बसले आणि मीही रडले.

"बाई!" खालून जिन्यातून सरांची हाक आली. "आहात ना दोघी?"

"आहोत, सर," मी ओरडले. "येतोय."

प्रणितानं ओढणीनं तोंड पुसलं. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. उठली, वळली, कठड्यावर हात टेकवला आणि डोळे उघडे ठेवून, आल्या वाटेनं, कड न सोडता, सावकाश चपलांपर्यंत परत गेली.